दिवस भरले, कळा नाहीत: औषधाने कळा आणाव्यात का?

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात): सातारा जिल्ह्यात माहेरी बाळंतपणासाठी आलेल्या एक सत्तावीस वर्षांच्या वाचक लिहितात की, हे त्यांचे पहिलेच बाळंतपण आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून तीन दिवस झाले, पण कळांचा पत्ता नाही. रक्तदाब, साखर, सोनोग्राफी सगळे ठीक आहे. आणखी चार दिवसांत, म्हणजे 41 आठवडे पूर्ण होईपर्यंत कळा आल्या नाहीत, तर दाखल व्हा, जेल लावून कळा आणू, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आई म्हणते, नऊ महिने नऊ दिवस होऊ द्या, घाई कशाला? सासूबाईंच्या मते कळा आणायला गेले की शेवटी सिझरच होते आणि दवाखान्यांना तेच हवे असते. त्यांच्या भाचीचे तसेच झाले. पुण्यात नोकरी करणाऱ्या पतींना नक्की तारीख हवी आहे, म्हणजे रजा टाकता येईल. मामांनी पंचांग पाहून एक दिवस टाळायला सांगितला आहे. “माझ्या शरीराला हे जमत नाही का? औषधाच्या कळा सोसवत नाहीत असे ऐकते. मी नकार द्यावा का?”

उत्तर:

‘शरीराला जमत नाही का’ हा तुमचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीची भीती त्याच्याच आधाराने उभी आहे असे मला वाटते. डॉक्टर देतात ती तारीख हा एक अंदाज असतो. शंभरात जेमतेम चार-पाच बाळे नेमकी त्या दिवशी जन्मतात आणि पहिलटकरणीला त्यापुढे काही दिवस जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. तारीख काढण्याची जुनी रीत अशी की, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. तुमच्या आईंचे नऊ महिने नऊ दिवस पाळीपासूनच मोजले, तर त्यांच्या आणि डॉक्टरांच्या हिशेबात फक्त दोन दिवसांचा फरक पडतो. म्हणजे आईंच्या मोजणीनेही तुमचे दिवस कालच भरले आहेत, आणि डॉक्टर त्यानंतरही आणखी चार दिवस थांबायला तयार आहेत. या दोघांत तुम्हाला वाटते तेवढा मतभेद नाही.

एक गोष्ट मात्र तपासून घ्या. तुमची तारीख कशावरून ठरली आहे? पाळी अनियमित असेल किंवा तिची तारीख नीट आठवत नसेल, तर पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख अधिक भरवशाची असते. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत वेगळी तारीख छापून येते आणि घरात गोंधळ उडतो. त्या वेळी यंत्र बाळाच्या आकारावरून अंदाज बांधत असते, त्यामुळे त्या तारखेवर विसंबू नये. फाइलमधला पहिला रिपोर्ट काढून डॉक्टरांसमोर एकदा पुन्हा मोजून घ्या. ‘41 आठवडे’ या शब्दांना अर्थ आहे तो मूळ तारीख बरोबर असेल तरच.

आता थांबण्याविषयी. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एक गृहीत असते की, औषध देणे म्हणजे काहीतरी करणे आणि थांबणे म्हणजे काहीच न करणे, आणि काहीच न करण्यात धोका नसतो. दिवस भरेपर्यंत हे बऱ्याच अंशी खरे असते. पुढे मात्र बाळाला पोषण पुरवणारी वार म्हातारी होऊ लागते, गर्भजल कमी होऊ शकते, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते आणि बाळ पोटात दगावण्याचा धोका, एरवी फार लहान असला तरी, आठवड्यागणिक चढत जातो. स्वीडनमध्ये सुमारे 2,760 महिलांचा एक अभ्यास झाला. निम्म्यांना 41 आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या आणि निम्म्यांसाठी 42 आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास ठरलेल्या मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळे गेली आणि दुसऱ्या गटात एकही नाही. सिझरचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. सुमारे 1,380 महिलांमागे सहा, म्हणजे वाट पाहणाऱ्या बहुतेकींची बाळे सुखरूप जन्मली, हेही तेवढेच खरे आहे. म्हणून मी तुम्हाला घाबरवत नाही. पण डॉक्टरांनी 41 आठवड्यांची रेघ मनाने ओढलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही हीच आहे.

सासूबाईंच्या शंकेला मी हसणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या पाहणीत देशभरात खासगी रुग्णालयांतल्या शंभरातल्या 47 बाळंतपणांत सिझर झाल्याचे आढळले आणि सरकारी रुग्णालयांत शंभरातल्या 14. सगळ्या अवघड केसेस खासगीतच जातात असे म्हणून हा फरक पुसता येत नाही. तेव्हा प्रश्न विचारणे हा तुमचा हक्क आहे आणि त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. मात्र ‘कळा आणल्या म्हणून सिझर झाले’ हे अनुमान तपासून पाहायला हवे. अमेरिकेत कोणताही धोका नसलेल्या सहा हजारांहून अधिक पहिलटकरणींचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 39 व्या आठवड्यात कळा आणलेल्यांपैकी 18.6 टक्क्यांना सिझर लागले आणि वाट पाहणाऱ्यांपैकी 22.2 टक्क्यांना. तिथल्या आणि आपल्या लेबर रूममध्ये फरक आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. तरी कळा आणल्याने सिझर ओढवतेच, हा समज त्यापुढे टिकत नाही. भाचीचे काय झाले हे मला माहीत नाही. तिच्या कळा कोणत्या कारणाने आणल्या, गर्भाशयाचे तोंड तेव्हा किती तयार होते, आणि डॉक्टरांनी किती तास धीर धरला, हे कळल्याशिवाय तिच्या अनुभवावरून तुमच्याबद्दल काही सांगता येत नाही. आणि ज्यांना सिझरच करायचे असते, ते सहसा दीड-दोन दिवसांचा हा खटाटोप सुचवत नाहीत.

माझ्या मते भीती बाळगायची असेल तर ती घाईची बाळगावी. कळा औषधाने आल्या की आपणहून आल्या यापेक्षा, त्या आल्यानंतर तुम्हाला किती वेळ दिला जातो आणि त्या वेळात तुमच्याकडे कोणाचे लक्ष असते, यावर पुष्कळ काही ठरते. हे समजण्यासाठी प्रत्यक्षात काय घडते ते पाहू.

दाखल झाल्यावर पोटावर पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढतात आणि मग आतून तपासणी होते. या तपासणीत गर्भाशयाचे तोंड किती उघडले आहे, किती पातळ झाले आहे, किती मऊ आहे, कोणत्या दिशेला आहे आणि बाळाचे डोके किती खाली आले आहे, या पाच गोष्टींना गुण देतात. त्याला बिशप स्कोअर म्हणतात. मऊपणा कसा ओळखतात हे समजायला सोपे आहे: तयार नसलेले तोंड बोटाला नाकाच्या शेंड्यासारखे लागते आणि तयार झालेले ओठासारखे. तेरापैकी आठ किंवा अधिक गुण असतील तर गोष्टी लवकर पुढे सरकण्याची शक्यता चांगली असते. सहा किंवा कमी असतील तर आधी तोंड मऊ करण्याचे काम असते, आणि पहिलटकरणीला सर्वांत जास्त वेळ याच कामात जातो. कळा त्यानंतरच्या.

तुम्हाला सांगितलेले जेल हे त्यासाठीच असते. ते गर्भाशयाच्या तोंडाशी सोडतात, त्यानंतर अर्धा तास तरी पडून राहायला सांगतात आणि काही काळ बाळाचे ठोके पाहतात. पुढे हिंडता-फिरता येते. गरज लागली तर साधारण सहा तासांनी दुसरी मात्रा देतात, आणि चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त देत नाहीत. काही ठिकाणी जेलऐवजी मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने किंवा योनिमार्गात देतात. याच औषधाच्या कितीतरी अधिक शक्तीच्या गोळ्या बाजारात असतात, त्यामुळे कोणी ओळखीच्या औषध दुकानदाराकडून आणून दिली तरी घरी ती कधीही घेऊ नये. तिसरी पद्धत फुग्याची: एक बारीक रबरी नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवून तिच्या टोकाचा फुगा 30 ते 60 मिलिलिटर पाण्याने भरतात, त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडते आणि तीन-चार सेंटिमीटर झाले की फुगा आपोआप बाहेर येतो. नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या 602 गर्भवतींवर या शेवटच्या दोन पद्धतींची तुलना झाली होती. तोंडाने गोळी घेतलेल्यांपैकी 57 टक्के महिलांचे चोवीस तासांत योनिमार्गे बाळंतपण झाले आणि फुगा बसवलेल्यांपैकी 47 टक्के महिलांचे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाची दखल जगभर घेतली गेली. त्या महिलांची स्थिती तुमच्यापेक्षा वेगळी होती. पण चोवीस तासांनंतरही कितीतरी जणींचे बाळंतपण व्हायचेच होते, एवढे त्यातून लक्षात ठेवा.

तोंड तयार झाले की पाण्याची पिशवी फोडतात. त्यात सुई टोचल्यासारखे काही नसते. आतून तपासणीचा त्रास होतो तेवढाच, आणि मग कोमट पाणी वाहते. ते पाणी स्वच्छ आहे की हिरवट, हे डॉक्टर पाहतात, कारण हिरवट पाणी म्हणजे बाळाने आत शी केली आहे. त्यानंतर कळा पुरेशा नसतील तर सलाईनमधून ऑक्सिटोसिन सुरू करतात, अगदी थोडे, आणि साधारण अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढवत नेतात. कळा फार जवळजवळ येऊ लागल्या, म्हणजे दहा मिनिटांत पाचांहून अधिक, तर दोन कळांच्या मध्ये बाळाला मिळणारी विश्रांती कमी पडते आणि त्याचे ठोके बिघडू शकतात. अशा वेळी सलाईनमधले औषध बंद करतात, डाव्या कुशीवर वळवतात आणि लागल्यास गर्भाशय सैल करणारे इंजेक्शन देतात. ऑक्सिटोसिनचा परिणाम काही मिनिटांत ओसरू लागतो. जेल किंवा गोळी एकदा दिली की तशी परत घेता येत नाही. म्हणूनच या औषधांनंतर ठोके पाहणारे माणूस जवळ असणे ही अट आहे, आणि ते शक्य नसलेल्या ठिकाणी कळा आणूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

दुखण्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. सुरुवातीला पाळीच्या वेळी दुखते तसे ओटीपोटात आणि कंबरेत दुखते, आणि ते तासन्तास चालू शकते. ऑक्सिटोसिनच्या कळा पुष्कळ जणींना अधिक जोरदार वाटतात, कारण आपोआप सुरू झालेल्या कळा हळूहळू चढत जातात आणि सवय व्हायला वेळ मिळतो. इथे ती चढण अनेकदा उभी असते. परंतु दुखणे कमी करण्याचे उपाय दोन्हीकडे तेच आहेत. पाठीतून देतात ते एपिड्युरल सर्वांत परिणामकारक असते, पण त्यासाठी भूलतज्ज्ञ लागतो आणि लहान गावातल्या प्रसूतिगृहात तो रात्री उपलब्ध असेलच असे नाही. म्हणून हा प्रश्न आजच विचारा. एपिड्युरल नसेल तर वेदनाशामक इंजेक्शन मिळते. शिवाय कंबर चोळून देणारे, धीर देणारे माणूस शेजारी असणे याचा उपयोग आपण समजतो त्याहून अधिक आहे. सरकारी रुग्णालयांतही आता प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्याचे धोरण आहे, आणि केंद्र सरकारच्या 2017 पासूनच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात त्यावर भर दिलेला आहे. तुमच्या बाबतीत आई की सासूबाई हे तुम्ही ठरवायचे आहे. त्या खोलीत मानापमानाला जागा नसते.

आता वेळेबद्दल, कारण ‘कळा आणल्या पण फेल गेल्या’ असे जे ऐकू येते त्याचा संबंध याच्याशी आहे. तोंड तयार नसलेल्या पहिलटकरणीला दाखल झाल्यापासून बाळ हाती येईपर्यंत एक ते दोन दिवस लागणे स्वाभाविक आहे, क्वचित त्याहूनही अधिक. पिशवी फुटून ऑक्सिटोसिन सुरू झाल्यावर निदान 12 ते 18 तास दिल्याशिवाय कळा आणण्याचा प्रयत्न फसला असे म्हणू नये, असा तज्ज्ञांच्या संघटनांचा सल्ला आहे. अर्थात आई आणि बाळ दोघेही व्यवस्थित असतील तर. पिशवी फुटलेली नसेल तर काही तास विश्रांती घेऊन दुसऱ्या पद्धतीने पुन्हा प्रयत्न करता येतो. याउलट ठोके खरोखर बिघडले, रक्तस्राव झाला, किंवा चांगल्या कळा असूनही प्रगती थांबली, तर सिझर हा योग्य निर्णय असतो आणि त्याला कोणाचाही पराभव मानू नये. घड्याळाकडे पाहून केलेले सिझर आणि बाळाकडे पाहून केलेले सिझर, यांतला फरक तुम्हाला विचारता यायला हवा.

तुमच्यापुढे प्रत्यक्षात काय पर्याय आहेत? पहिला, डॉक्टर म्हणतात तसे 41 आठवडे पूर्ण झाल्यावर दाखल होणे. दुसरा, त्यापुढे आणखी काही दिवस थांबणे. मात्र मग दर दोन-तीन दिवसांनी ठोक्यांचा आलेख आणि गर्भजलाची तपासणी चुकवता येणार नाही, आणि या तपासण्या ठीक आल्या तरी धोका पूर्ण जात नाही. 42 आठवड्यांपुढे थांबण्याचा विचार करू नये. तिसरा, या चार दिवसांत डॉक्टरांकडून आतून तपासणी करताना गर्भाशयाच्या तोंडाशी चिकटलेला पाण्याच्या पिशवीचा पडदा, पिशवी न फोडता, बोटाने सोडवून घेणे. हे थोडे दुखते, नंतर किंचित रक्तमिश्रित स्राव जातो, आणि काही जणींना त्यानंतर एक-दोन दिवसांत आपणहून कळा सुरू होतात. काही घरांत चौथा पर्यायही निघतो, की एवढे सोसण्यापेक्षा सरळ सिझरच करून घ्या. सगळे ठीक असलेल्या पहिलटकरणीसाठी तो मला पटत नाही, कारण पोटावरच्या पहिल्या टाक्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर होतो.

मी तुमच्या जागी असते तर तिसऱ्या पर्यायाबद्दल विचारून पहिला स्वीकारला असता. पण होकार देण्याआधी पतींना सोबत घेऊन डॉक्टरांशी पंधरा मिनिटे निवांत बोला. माझ्या गर्भाशयाचे तोंड आज किती तयार आहे, कोणत्या पद्धतीने सुरुवात करणार, रात्री दवाखान्यात डॉक्टर कोण असतात, कळा सुरू झाल्यावर ठोके किती वेळाने पाहणार, सिझर लागलेच तर भूलतज्ज्ञ आणि रक्त किती वेळात येते, आणि आम्ही दोघे व्यवस्थित असलो तर तुम्ही किती तास थांबाल, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर काय उत्तर देतात ते नीट ऐका. ‘सकाळी जेल लावू, संध्याकाळपर्यंत झाले तर ठीक, नाहीतर सिझरला घेऊ’ असे उत्तर आले आणि तोंड अजून तयार नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला हे चार दिवस पुरेसे आहेत. खर्चाची धास्ती असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझरसह, विनामूल्य होते.

पतींना सांगा की दाखल होण्याची तारीख ठरवता येते, बाळाची नाही. रजा दाखल होण्याच्या दिवसापासून निदान चार दिवसांची टाकावी. पंचांगाचेही तेच: कळा आणून मुहूर्त साधता येत नाही, बाळ मध्यरात्रीच्या अलीकडे येईल की पलीकडे हे कोणी सांगू शकत नाही, आणि मामांनी सांगितलेला दिवस टाळण्यासाठी 41 आठवड्यांची तारीख पुढे ढकलणे शहाणपणाचे नाही. आणि एक आगाऊ सूचना: दाखल झाल्यावर दर तासाला ‘झाले का?’ असे विचारणारे फोन सुरू होतात. तुमचा फोन कोणा एका धीराच्या माणसाकडे द्या. पहिल्या टप्प्यात डॉक्टरांना विचारून पेज, मऊ खिचडी असे हलके खात राहा, हिंडत राहा, आणि झोप येईल तेव्हा झोपा. खरे श्रम नंतर आहेत.

या चार दिवसांत कोणीतरी एरंडेल घ्यायला सांगेलच. ते घेऊ नका. त्याने जुलाब आणि मळमळ होते, अंगातले पाणी कमी होते, आणि ऐन वेळी थकलेल्या अवस्थेत लेबर रूममध्ये जावे लागते. चालणे चांगले, पण कळा याव्यात म्हणून जिने चढण्याचा सपाटा नको.

हे उत्तर सगळे ठीक असलेल्या पहिलटकरणीसाठी लिहिले आहे, हे इतर वाचकांनी ध्यानात घ्यावे. आधी सिझर झाले असेल तर गर्भाशयाचा जुना टाका उसवण्याचा धोका असतो, त्यामुळे मिसोप्रोस्टॉल वापरत नाहीत आणि कळा आणायच्या की नाही हा निर्णयच वेगळा होतो. बाळ आडवे असेल किंवा वार खाली असेल तर कळा आणतच नाहीत. रक्तदाब वाढलेला असेल, गरोदरपणातला मधुमेह असेल किंवा कळांआधीच पाणी गेले असेल, तर 41 आठवड्यांची वाट पाहायची नसते, डॉक्टर आधीच बोलावतात आणि तिथे घासाघीस करू नये. आणि तुम्हालाही, दाखल होण्याची तारीख कोणतीही ठरलेली असो: बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, रक्त गेले, पाणी गेले, डोके असह्य दुखू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता 108 ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा.